बंदूक टपालाने येत नसते, बाबू

बाबू,

तुझ्या बाबांनी सत्तरी ओलांडली. रोह्या-डुकरांमागे रात्रभर वावरात जागायचं आता त्यांच्यानं होत नाही, म्हणून त्यांची बारा बोअर पुण्याला तुझ्याकडे यावी असं घाटतंय म्हणे. "शेलूबाजारातून कुरिअरनं स्वस्तात पाठवता येईल का?" हा तुझा मेसेज वाचून मोठीआईला हसू आवरेना. मी मात्र चष्मा शोधला. घे, एकेक नीट वाच.

१. पार्सलचं डोक्यातून काढून टाक — इथून पुण्यापर्यंत ती ज्या पोरांच्या हातांतून जाईल त्यांच्याकडे परवाना नसतो, आणि परवान्याशिवाय बंदूक जवळ असणं हाच १९५९ च्या शस्त्र कायद्यात गुन्हा आहे. त्यांची बिचाऱ्यांची नोकरी जाईल आणि तुझी झोप.

२. नळी वेगळी, चाप वेगळा, अशी दोन खोक्यांतली हुशारीही नको — कायद्यात शस्त्राचा भाग म्हणजे शस्त्रच. तुकडे केले म्हणून म्हशीची शेळी होत नाही.

३. काडतुसं तर टपालाच्या वाऱ्यालाही उभी करू नकोस — स्फोटक वस्तू पोस्टात चालत नाही, आणि वर 'घरगुती सामान' लिहिलंस तर एका चुकीच्या दोन होतात.

४. तुझा मित्र अमेरिकेचे व्हिडिओ दाखवतो ते मला माहीत आहे. तिथं लांब नळीच्या बंदुका अटी पाळून टपालानं जातात हे खरं — पण खिशात लपणाऱ्या पिस्तुलांना तिथंही १९२७ च्या कायद्यानं टपालाचं दार बंद केलं होतं. तिथला कायदा तिथं; तू राहतोस कोथरूडला.

५. आधी तुझा परवाना, मग बंदूक. २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे, की परवानाधारक सत्तरीला पोचला किंवा त्यानं पंचवीस वर्षं हत्यार सांभाळलं, तर वारसाला अर्ज करता येतो. आपल्याकडे परवाना वाशिमहून जिल्हा दंडाधिकारी देतात, पुणे शहरात पोलीस आयुक्त — म्हणून कुठला कागद कुठे द्यायचा ते दोन्ही टेबलांवर विचारून घे, म्हणजे हेलपाटे वाचतील. सगळ्यात महाग भाडं हेलपाट्याचं असतं.

६. बाबांचा परवाना शेवटच्या पानापर्यंत वाच. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, त्याआधी आपण अकोल्यात होतो. जुन्या पानांवर अकोल्याचा शिक्का दिसला तर दचकू नकोस. बघायचं ते दोनच ठिकाणी: मुदत कधी संपते, आणि हद्दीच्या रकान्यात जिल्हा लिहिलाय, राज्य की सारा देश — कारण तुझ्या गाडीला पुण्यापर्यंत रस्ता असला तरी कागदाला असेलच असं नाही.

७. टपालानं पाठवायचं असेल तर अर्ज आणि झेरॉक्स पाठव, तेही स्पीड पोस्टानं — पोचल्याचा पुरावा हाती राहतो. रजिस्टर्ड पोस्ट आता शोधत बसू नकोस, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टातच मिसळलंय.

८. मूळ परवाना मात्र बंदुकीपासून हलवायचा नाही — वाटेत पोलिसानं मागितला तर तो दाखवावाच लागतो. कागद पुढं, नळी मागं.

९. मधे दुरुस्तीला न्यायची वेळ आली आणि बाबांचे गुडघे नाही म्हणाले, तर त्यांच्या सहीचं पत्र घेऊन तू नेऊ शकतोस — दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी एवढी मुभा कायद्यानं ठेवली आहे. त्या पत्रावर सासुरवाडीला मिरवायला नेऊ नकोस.

१०. हलवण्याआधी नळी मोडून डोळ्यांनी बघ, मग बोट घालून बघ, मग बाबांना दाखव — 'रिकामीच आहे' हे वाक्य बोलूनच माणसं जखमी झाली आहेत. काडतुसं वेगळ्या कुलुपात.

११. खोळीत घालून ने — उघडी नळी दिसली की लोक आधी घाबरतात, मग फोन लावतात. आणि वाटेत कुणाची वरात लागली तर खाली उतरूसुद्धा नकोस. लग्नात, जत्रेत बार काढायला नियमानं साफ मनाई आहे, कुणी कितीही गळ घातली तरी.

१२. अकोल्याच्या अंगाला काटेपूर्णा अभयारण्य, कारंज्याच्या अंगाला काळविटांचं कारंजा-सोहोळ. हत्यार गाडीत असताना हरणं बघायला आत वळू नकोस — वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय शस्त्रासह अभयारण्यात शिरता येत नाही, आणि 'सहज आलो होतो' हे तिथं कुणी ऐकत नाही.

१३. समृद्धी महामार्गावर चढायची वाट आता शेलूबाजारजवळच आहे, म्हणून दिवसाउजेडी नीघ आणि जोडीला कुणीतरी घे — एकानं चहा प्यायचा, दुसऱ्यानं गाडीत बसायचं. बंद काचेवर भरवसा ठेवू नकोस.

१४. निवडणूक लागली असेल तर बेत पुढे ढकल — आचारसंहितेत हत्यारं जमा करायच्या नोटिसा निघतात.

१५. बाबांच्या परवान्याची मुदत संपली आणि तुझा अजून आला नाही, तर बंदूक पलंगाखाली ठेवायची नाही. ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. पावतीवरचा नंबर नळीवरच्या नंबराशी तिथंच उभा राहून ताडून बघ — एक आकडा चुकला तर सोडवताना बंदूक तुझी नाहीच असं ठरतं.

१६. आणि खरं विचारू? तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात रोही येतो का रे? बाबांची आठवण म्हणून हवी असेल तर त्यांचा कंदील ने, त्याला परवाना लागत नाही. विकायचं ठरलं, तर घेणाऱ्याकडे परवाना हवा आणि त्याचं नाव-पत्ता दंडाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबायचं — हरकत घ्यायची असेल त्याला तेवढा अवधी मिळतो. मला विचारशील तर हाच सगळ्यात स्वस्त मार्ग. पण बाबांशी तू बोल. माझं ते कधी ऐकत नाहीत.

— मोठेबाबा