नामसाम्य आणि कथार्थ : ग्रीक पुराणकथांतील क्रोनॉस व आयास

ग्रीक पुराणकथांच्या अध्यापनात नामसाम्याचा प्रश्न बहुधा तळटीपेवर सोडला जातो. नावे सारखी आहेत, घोटाळा होऊ देऊ नये, एवढी सूचना पुरेशी मानली जाते. वस्तुतः नामसाम्याने काही वेळा कथेचा अर्थच पालटलेला असतो.

क्रोनॉसचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. हेसिअडच्या 'थिऑगनी'त (इ.स.पू. सुमारे 700) तो आपल्या पित्याला, युरेनसला, विळ्याने छेदून सत्ता मिळवतो, पुढे आपल्यालाही पुत्राकडूनच पदच्युत व्हावे लागेल या भयाने जन्मलेले प्रत्येक अपत्य गिळतो. कथेचा गाभा पिता-पुत्रांतील सत्तासंघर्षाचा आहे. काळाचा तीत मागमूस नाही. 'काळ' या अर्थाचा ग्रीक शब्द ख्रोनॉस. पहिल्या नावाचे आद्याक्षर काप्पा, दुसऱ्याचे महाप्राण खी. इ.स.पू. सहाव्या शतकातील फेरेसीडीसने विश्वोत्पत्तीच्या आरंभी ठेवला तो हा ख्रोनॉस.

दोघांचे एकीकरण अज्ञानातून झाले असे मात्र म्हणता येत नाही. देवाने स्वतःची मुले गिळावीत हे स्टोइक तत्त्ववेत्त्यांना रूपक म्हणूनच वाचावयाचे होते, आणि ध्वनिसाम्याने ती सोय करून दिली. सिसेरोच्या देवस्वरूपविषयक संवादात (इ.स.पू. 45) हे स्पष्टीकरण आढळते : काळ वर्षे गिळतो, म्हणून क्रोनॉस अपत्ये गिळतो. प्रबोधनकालीन चित्रांत तर क्रोनॉसचे हत्यार कालपुरुषाच्या हाती कायमचेच आले. मराठी वाचकाला हा अर्थ चटकन पटतो, कारण 'काळाने गिळले' हा प्रयोग त्याच्या तोंडी आहेच. पण त्यामुळेच हेसिअडच्या कथेवर नंतरचा अर्थ लादला जाण्याचा धोका मराठीत अधिक. इंग्रजी उच्चारांच्या वाटेने आलेली ही दोन्ही नावे मराठीत 'क्रोनॉस' होऊन बसतात. 'क' आणि 'ख' हे स्वतंत्र वर्ण असलेल्या लिपीत हे व्हावे, हे काहीसे विचित्रच!

स्किला या नावाची गत निराळी. सामुद्रधुनीतील राक्षसी आणि मेगाराच्या नीससची पितृद्रोही कन्या या मुळात दोन. व्हर्जिलने सहाव्या गोपगीतात त्या एक केल्या, ओव्हिडने काही ठिकाणी वेगळ्या ठेवल्या.

याउलट, एका नावामागे दोन व्यक्ती दडलेल्या असण्याची शक्यता आयासच्या (रूढ इंग्रजी रूप एजॅक्स) बाबतीत दिसते. 'इलियड'मध्ये सॅलॅमिसचा धिप्पाड, प्रचंड ढालीचा आयास आणि लॉक्रिसचा चपळ आयास असे दोघे आहेत, आणि त्यांचा निर्देश अनेकदा द्विवचनाने होतो. याकोब वाकरनागेल यांनी 1877 मध्ये असे सुचविले की, हे द्विवचन मुळात 'आयास व त्याचा भाऊ' या अर्थाचे असावे. हा भाऊ म्हणजे सावत्र बंधू ट्यूक्रॉस, जो आयासच्या ढालीआडून बाण सोडतो. संस्कृतात 'पितरौ' म्हणजे दोन पिते नव्हेत, माता आणि पिता. पाणिनीचा एकशेष ज्याने अभ्यासला आहे, त्याला या अनुमानाचे बळ निराळे समजावून सांगावे लागणार नाही. द्विवचनाचा हा जुना अर्थ लोपल्यावर 'दोन आयास' असा अर्थ घेतला गेला, आणि जेथे ट्यूक्रॉस उभा असावयाचा तेथे काही प्रसंगांत लॉक्रिसचा आयास येऊन उभा राहिला. अनुवादात द्विवचन नाहीसे होत असल्याने ही खूण केवळ मूळ संहितेतच सापडते.