प्रकाश सापळ्यासाठी सोपा प्रवाहदर्शक

भातावरील पिवळा खोडकिडा व तपकिरी तुडतुडे यांच्या सर्वेक्षणात प्रकाश सापळा उपयुक्त ठरतो. मात्र सापळा शेतात आणि स्विचबोर्ड घरी असल्यास, रात्री दिवा बंद पडल्याचे घरातून कळत नाही. सकाळी रिकाम्या सापळ्याची नोंद ‘शून्य’ अशी होते आणि कीड नसल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. पौर्णिमेच्या सुमारास चंद्रप्रकाशामुळेही पतंग कमी सापडतात. त्यामुळे केवळ संख्येवरून कारण ओळखता येत नाही.

तत्त्व : स्विचबोर्डवरील नेहमीचा इंडिकेटर फक्त वीजपुरवठा दर्शवितो. दिवा जळतो आहे, हे तारेतील विद्युतप्रवाहावरून समजते. 100 वॅटचा साधा बल्ब 230 व्होल्टवर सुमारे 0.43 अँपिअर प्रवाह घेतो. करंट ट्रान्सफॉर्मरने हा प्रवाह घरातच ओळखता येतो. शेतापर्यंत वेगळी तार ओढावी लागत नाही.

जोडणी : सापळ्याच्या स्वतंत्र लाइनची फक्त फेज तार, वेष्टनासह, 1000:1 गुणोत्तराच्या करंट ट्रान्सफॉर्मरच्या कड्यातून 10 वेळा ओवावी. न्यूट्रल तारही त्यातून गेल्यास दोन्हींचे परिणाम परस्परांना छेद देतात व दर्शक चालत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांना दोन लाल एलईडी परस्परविरुद्ध दिशेने समांतर जोडावेत. त्यांना सुमारे 4.3 मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. तो प्रकाशासाठी पुरेसा आहे. ही टोके कधीही मोकळी ठेवू नयेत. काम मुख्य पुरवठा बंद करून परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

चाचणी व मर्यादा : स्विच चालू ठेवून सापळ्याजवळच्या बटणाने दिवा बंद करावा, घरातील एलईडी विझला पाहिजे. वाटेत प्रवाह गळत असल्यासही एलईडी उजळू शकतो, म्हणून लाइनवर 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी असावे. कमी वॅटच्या एलईडी दिव्याचा प्रवाह अत्यल्प असल्याने त्यासाठी ही रचना पुरेशी नाही.

नोंद : दिवा लावताना, झोपण्यापूर्वी व पहाटे दर्शक पाहून नोंदवहीत वेगळा रकाना भरावा. दिवा बंद पडलेल्या रात्री ‘शून्य’ न लिहिता ‘नोंद नाही’ असे लिहावे. समजा, सातपैकी दोन रात्री दिवा बंद होता व उरलेल्या पाच रात्रींत 60 पतंग सापडले. प्रतिरात्र सरासरी 12 येते. सातने भागल्यास ती 8.6 दिसते. फवारणीचा निर्णय अशा आकड्यांवर अवलंबून असल्याने हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.