सरकारी खात्याशी वाद: अपिलाचा वकील कधी आणि कसा धरायचा?



या आठवड्याचा व्हिडिओ नोटीस आल्यावर काय करायचं यावर होता. त्यात एक मुद्दा घाईत गेला, तो इथे सविस्तर घेऊ. समोर सरकारी खातं असेल आणि प्रकरण अपिलापर्यंत जाण्याची शक्यता असेल, तर कोणता वकील करायचा आणि मुख्य म्हणजे कधी करायचा. बहुतेक लोक ‘कोणता’ यावर दहा जणांना फोन करतात. ‘कधी’ हा प्रश्न कोणी विचारतच नाही, आणि नुकसान तिथेच होतं.

समजा, काळाचौकीत तुमचा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. ग्रिल, शटर, दुकानांचे रॅक असं काम. हाताखाली चार माणसं. बिलं तुम्ही नीट ठेवता, पण जीएसटीचं सगळं ‘सरांकडे’, म्हणजे टॅक्स कन्सल्टंटकडे. पोर्टलवर मोबाइल नंबरही त्यांचा आणि ईमेलही त्यांचाच. एक दिवस बँकेतून फोन येतो की तुमच्या खात्यावर टाच आली आहे. मग शोधाशोध केल्यावर कळतं की कारणे दाखवा नोटीस कधीच पोर्टलवर पडली होती, तिला एका ओळीचं उत्तर गेलं होतं, ‘कृपया कार्यवाही रद्द करावी’, आणि ४,२०,००० रुपये कर भरण्याचा आदेश होऊन चार महिने दहा दिवस झाले आहेत.

आता तुम्ही मुंबईतला कितीही नामांकित वकील गाठा. तो पहिला प्रश्न विचारणार, ‘आदेश कधी मिळाला?’ तुम्ही म्हणाल, ‘मला मिळालाच नाही हो, पोर्टलवर होता.’ पण कायद्याने आदेश बजावण्याचे जे मार्ग दिले आहेत, त्यात पोर्टलवर टाकणं हाही एक मार्ग आहे. म्हणजे घड्याळ तुमच्या नकळत सुरू झालेलं असतं.

जीएसटी कायद्याच्या कलम १०७ प्रमाणे पहिलं अपील आदेश मिळाल्यापासून तीन महिन्यांत करायचं. उशिराला सबळ कारण असेल तर अपील अधिकारी आणखी एक महिना देऊ शकतो. त्यापुढे एक दिवसही वाढवून देण्याचा अधिकार त्याला नाही. ५ जूनला आदेश मिळाला तर ५ सप्टेंबरपर्यंत हक्काने, ५ ऑक्टोबरपर्यंत विनंतीने, आणि नंतर दार बंद. मुदतीत गेलात तर जेवढा कर तुम्हाला मान्य आहे तो पूर्ण आणि वादातल्या कराच्या दहा टक्के भरायचे. आपल्या उदाहरणात सगळीच रक्कम वादात असेल तर ४२,००० रुपये. हे भरून अपील दाखल झालं की उरलेल्या रकमेची वसुली अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबते. म्हणजे ती बँकेची टाच टाळता आली असती.

‘मग हायकोर्टात रिट करू’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. करता येतं का? येतं. मिळतं का? इथे दोन खरी प्रकरणं शेजारी ठेवून बघा.

पहिलं आपल्या महाराष्ट्रातलं. रोहित एंटरप्रायझेस ही फॅब्रिकेशनचं काम करणारी एका मालकाची छोटी संस्था. रिटर्न भरले गेले नाहीत म्हणून जीएसटी नोंदणी रद्द झाली. अपील उशिरा म्हणून फेटाळलं गेलं. मग रिट घेऊन ते मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना दिलासा दिला. व्यवसाय करण्याचा आणि जगण्याचा घटनेतला हक्क न्यायालयाने पुढे ठेवला. शिवाय असंही म्हटलं की अशा माणसाची नोंदणी परत सुरूच होऊ दिली नाही तर सरकारचाही महसूल बुडेल. थकलेला कर, व्याज, दंड भरण्याच्या अटीवर नोंदणी परत मिळाली. यातला युक्तिवाद बघण्यासारखा आहे. ‘आमच्यावर दया करा’ एवढ्यावर न थांबता ‘आम्ही सुरू राहिलो तर सरकारचाही फायदा आहे’ इथपर्यंत तो जातो. सरकारी प्रकरणांत मुरलेला वकील असा विचार करतो.

दुसरं सर्वोच्च न्यायालयातलं, मे २०२० चं. ग्लॅक्सो स्मिथक्लाइन कन्झ्युमर हेल्थकेअर ही एवढी मोठी कंपनी. आंध्रात व्हॅटच्या एका आदेशाविरुद्ध अपील करायला उशीर झाला, वाढीव मुदतही उलटली. ज्या कर्मचाऱ्याकडे काम होतं त्याने ते वेळेत केलं नाही, असं कंपनीचं म्हणणं. उच्च न्यायालयाने रिट ऐकून कंपनीच्या बाजूने आदेश दिला, पण सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कायद्याने ठरवलेली कमाल मुदत संपल्यावर रिटच्या मार्गाने तीच गोष्ट मागता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ.

एकाला मिळालं, दुसऱ्याला नाही. पहिल्यात नोंदणी, म्हणजे धंदाच बंद पडण्याचा प्रश्न होता. दुसऱ्यात कराच्या रकमेचा. आपल्या काळाचौकीच्या गाळ्याचं प्रकरण कोणत्या बाजूला जास्त जवळ जातं? कर मागणीचा आदेश आहे, म्हणजे दुसऱ्या. म्हणून सांगतो, रिट ही आशा आहे, योजना नाही. सुनावणीच दिली नाही असं काही असेल तर रिटला जोर येतो, पण ते सिद्ध करायला कागद लागतो. कोणता, ते आता बघू.

अपिलात नवी केस मांडता येत नाही

अपील म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुनावणी, असा बऱ्याच जणांचा समज आहे. प्रत्यक्षात अपिलात मुख्यतः एवढंच बघतात की खालच्या अधिकाऱ्यासमोर जे होतं, त्यावर त्याने बरोबर निर्णय दिला का. जीएसटीत नियम ११२ आहे. खाली न दिलेला पुरावा अपिलात सहसा घेत नाहीत. अधिकाऱ्याने घ्यायला नकार दिला होता किंवा देता न येण्याचं सबळ कारण होतं, असं दाखवावं लागतं. तुमच्या कपाटात खरेदीची सगळी बिलं, ई-वे बिलं, बँकेच्या नोंदी असतील, पण पहिल्या उत्तराला एकही जोडलं नसेल, तर वरचा वकील हात बांधून उभा राहतो.

कबुलीचंही तसंच. मुंबईच्या इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण घ्या, ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका. १९८१ च्या जुलैमध्ये फुटपाथवरच्या झोपड्या हटवून लोकांना गावी पाठवायची घोषणा सरकारने केली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. तिथे झोपडीवाल्यांच्या वतीने सांगितलं गेलं की फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही, आणि १५ ऑक्टोबर १९८१ नंतर पाडकामाला आडवे येणार नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयात पालिकेच्या बाजूने नेमकं हेच बोट दाखवलं गेलं: यांनी खाली कबूल केलंय, आता यांचं ऐकू नका. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १० जुलै १९८५ ला निकाल दिला, आणि मूलभूत हक्काच्या बाबतीत अशी कबुली आड येत नाही असं सांगितलं. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे तत्त्व याच निकालातून देशाला मिळालं. पण फुटपाथवरचं अतिक्रमण हटवण्याचं पालिकेचं कलम मात्र न्यायालयाने वैध ठरवलं.

तिथे प्रश्न घटनेतल्या मूलभूत हक्काचा होता, म्हणून खालची कबुली आड आली नाही. तुमच्या उत्तरात कोणी ‘आमची उलाढाल खात्याने म्हटल्याप्रमाणे आहे, फक्त दंड माफ करावा’ असं लिहून टाकलं, तर ती वस्तुस्थितीची कबुली असते आणि ती पुसणं फार कठीण जातं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. अपिलाचा वकील अपिलाच्या वेळी शोधू नका. कारणे दाखवा नोटीस आली की त्याच आठवड्यात अशा वकिलाचा एक तास विकत घ्या. उत्तर तुमच्या सीएंनीच लिहू दे, आकडे त्यांनाच जास्त कळतात. पण ते जाण्याआधी अपिलाच्या नजरेने कोणीतरी वाचू दे. प्रत्येक आरोपाला वेगळं उत्तर, त्याला जोडलेला कागद, आणि शेवटी ‘प्रत्यक्ष सुनावणी मिळावी’ ही लेखी मागणी. ही मागणी केली असेल आणि सुनावणी न देता आदेश झाला, तर वर जाणाऱ्या वकिलाच्या हातात पहिलं हत्यार आलं. वर ज्या कागदाबद्दल म्हटलं तो हाच.

मग माणूस कसा पारखायचा?

आधी हे ध्यानात घ्या की जीएसटीच्या अपील अधिकाऱ्यासमोर सीए किंवा जीएसटी प्रॅक्टिशनरही तुमच्या वतीने उभे राहू शकतात. माझगावच्या जीएसटी भवनात रोज तसं चालतं. उच्च न्यायालयात मात्र वकीलच लागतो. तिथे ‘सीनियर’ हा शब्द जपून वापरा. सीनियर अ‍ॅडव्होकेट हा न्यायालयाने दिलेला दर्जा आहे. ते स्वतः वकीलपत्र दाखल करत नाहीत, तुमच्याकडून थेट कामही घेत नाहीत. मध्ये दुसरा वकील असतोच. छोट्या धंद्याच्या बहुतेक प्रकरणांत सीनियरची गरजच नसते. तुमची फाइल स्वतः वाचणारा, दहा-पंधरा वर्षं त्याच प्रकारचं काम केलेला वकील जास्त कामाचा.

त्याच प्रकारचं म्हणजे काय? जीएसटी वेगळं, पालिका वेगळी. गाळ्याच्या बांधकामावरून पालिकेची कलम ३५१ ची नोटीस आली तर उत्तराला फक्त सात दिवस असतात. तो वाद बहुधा शहर दिवाणी न्यायालयाच्या वाटेने जातो. तिथे पालिकेवर दावा लावण्याआधी कलम ५२७ ची एक महिन्याची नोटीस लागते का, हा प्रश्न येतो. राज्य सरकारवर दावा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस, आणि तातडी असेल तर ती न देता दावा लावायची परवानगी. वकिलाला हे विचारा. जो ‘ते बघू नंतर’ म्हणतो, त्याला नमस्कार करून निघा.

नाव खरं आहे का आणि काम खरं आहे का, दोन्ही तपासता येतं. सनद क्रमांक मागा, महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची नोंदणी असते. ई-कोर्ट्सच्या साइटवर वकिलाच्या नावाने प्रकरणं शोधता येतात. त्यात खात्याविरुद्धची किती आहेत ते बघा. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे, त्यामुळे ‘नंबर वन जीएसटी वकील, शंभर टक्के स्टे’ असं कोणी दाखवत असेल तर तिथेच समजा. ‘जिंकलो तर इतके टक्के’ हेही नियमाबाहेर आहे. फी ठरवताना मसुदा, दाखल करणं आणि प्रत्येक तारीख यांचे वेगळे आकडे लिहून घ्या. तारखा पडत राहिल्या की तिथेच हिशेब चुकतो.

वकील बदलायची वेळ आली आणि जुना वकील ‘आधी फी, मग फाइल’ म्हणाला तर? २००० साली सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात सांगितलं आहे की फी थकली म्हणून वकील अशिलाचे कागद अडवून ठेवू शकत नाही. फी बाकी असेल तर ती द्यायची आहेच, पण तो वेगळा विषय.

मैत्रिणींसाठी एक गोष्ट, जी फार कमी जणींना माहीत असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलांना मोफत कायदेशीर मदत मागता येते, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही तसंच. लालबागला मसाल्याचा किंवा घरून डब्यांचा धंदा करणाऱ्या ताईंनी फीच्या भीतीने अपील सोडून देऊ नये. उच्च न्यायालयात यासाठी वेगळी विधी सेवा समिती आहे.

आता आजचा गृहपाठ, दहा मिनिटांचा. जीएसटी पोर्टलवर स्वतः लॉगिन करा. नोंदणीत मोबाइल आणि ईमेल कोणाचा आहे ते बघा, तुमचा नसेल तर कन्सल्टंटला सांगून या आठवड्यात बदलून घ्या. मग नोटिसा आणि आदेशांचे विभाग उघडा. तिथे काही पडलेलं दिसलं, तर त्याची तारीख एका कागदावर लिहा, तिच्यापुढे तीन महिन्यांची तारीख लिहा, आणि तो कागद गल्ल्याच्या वर चिकटवा. पुढच्या भागात कारणे दाखवा नोटिशीच्या उत्तराचा एक नमुना ओळीओळीने वाचू.