औषध, रसायन की द्रावण?

प्रश्न : आमच्या शेतकरी गटासाठी मी कपाशीच्या फवारणीचं माहितीपत्रक लिहितो आहे. एकच शब्द पुन्हा पुन्हा आला की वाचायला कंटाळवाणं होतं, म्हणून औषध, रसायन, द्रावण असे शब्द आलटून पालटून वापरले. चालेल ना?
– एक वाचक, फुलसावंगी (ता. महागाव, जि. यवतमाळ)

उत्तर : नाही चालणार, भाऊ. शाळेतल्या निबंधात ती हौस ठीक होती. बाटलीतलं ते ‘औषध’ आणि पाण्यात मिसळल्यावर पंपात भरलेलं ते ‘द्रावण’. ‘30 मिली द्रावण घ्या’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्यानं मापटं बाटलीला लावायचं की टाकीला? 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं आपल्याच जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. कारणं अनेक होती. तरी या कागदावर संदिग्धता नकोच. (विषाला ‘औषध’ म्हणायची आपली सवयही अजबच, पण बोलीतला शब्द बदलायला जाऊ नका.)

‘पंप’ हा शब्द तर फारच फसवा. कुणाचा 15 लिटरचा, कुणाचा 20 चा. ‘पंपाला एक झाकण’ लिहू नका. ‘10 लिटर पाण्याला इतके मिली’ असंच दरवेळी लिहा. लेबलवर प्रमाण बहुधा हेक्टरी असतं आणि आपण बोलतो एकरात. हेक्टरचा आकडा अडीचनं भागा आणि सगळीकडे एकरच ठेवा.

छापण्याआधी कागद एखाद्या फवारणाऱ्या मजुराला द्या आणि नुसत्या पाण्यानं माप करायला सांगा. तो जिथं थबकेल, ती ओळ पुन्हा लिहा.