पिशवीची झडती

2024 च्या दिवाळीला आठवडाभर उरला असता, सुरतेतील उधन्याच्या बाजूच्या एका प्रशस्त दुकानाच्या मागल्या खोलीत लोखंडी टेबलाशी बसून ज्या कागदावर मी साक्षीदार म्हणून सही केली, तो कागद म्हणजे माझ्या पत्नीने चोरी केल्याचा कबुलीनामा होता. आणि ती चोरी तिने केलेली नाही, हे त्या खोलीतील चार माणसांपैकी तिच्याखालोखाल मलाच ठाऊक होते. ठाऊक असूनही सही केली, तिलाही करायला लावली. असा कागद दुसऱ्या कोणाच्या पुढ्यात सरकवला जाईल तेव्हा त्याचा हात थांबावा, एवढ्यासाठी ही हकीकत लिहीत आहे.

मूळचे आम्ही नंदुरबारकडचे. तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या गाडीने जी हजारो खानदेशी कुटुंबे पोटासाठी सुरतेत उतरली, त्यांतले आमचे एक. लिंबायतेतील महापालिकेच्या मराठी शाळेत, लूमखात्यात पाळी करणाऱ्या आणि साडीच्या मार्केटात गठ्ठे वाहणाऱ्या लोकांच्या मुलांना मी 34 वर्षे शिकवले. त्यामुळे या शहरात आपल्याला एक प्रतिष्ठा आहे, रस्त्याने जाताना चार माणसे ‘गुरुजी’ म्हणून थांबतात, ही भावना मनात खोल रुजलेली होती.

त्या दिवशी पत्नीने गल्लीतल्या दुकानातून पणत्या, उटण्याची पुडी आणि खोबरेल तेलाची एक बाटली घेतली होती. असल्या दुकानात पावती मिळत नाही; दुकानदार कागदाच्या कपट्यावर बेरीज करतो आणि तो कपटाही आपल्याजवळच ठेवतो. ते सारे तिने साड्यांच्या उरलेल्या तुकड्यांतून स्वतः शिवलेल्या पिशवीत ठेवले, आणि तशीच पिशवी घेऊन नातवाच्या कपड्यांसाठी आम्ही त्या मोठ्या दुकानाच्या दाराशी गेलो. दारावरच्या पोऱ्याने नम्रपणे सांगितले, ‘पिशवी काउंटरवर ठेवा, टोकन घ्या.’ मी संतापलो. आम्ही तुला चोर दिसतो काय, असे चार माणसांत विचारले. माझ्या बोलण्यावरून माणूस आपल्याकडचा आहे हे त्याने ओळखले असावे. तो क्षणभर घुटमळला आणि वयाकडे पाहून त्याने आम्हाला पिशवीसह आत सोडले. इभ्रत राखली, असे मला त्या क्षणी वाटले. वस्तुतः ती पुढे जाण्याची सोय मी स्वतःच करून ठेवली होती.

बाहेर पडण्याच्या दाराशी दुसरा माणूस होता. पावती आणि माल ताडून तो पावतीवर शिक्का मारीत होता. आमच्या पुढच्या बाईंची चामड्याची मोठी पर्स त्याने उघडायला सांगितली नाही. आमच्या कापडी पिशवीत मात्र त्याने सरळ हात घातला. हा फरक माझ्या पत्नीने पाहिला होता. मला तो पुढे तिने सांगितल्यावर कळला. बाटली निघाली. सील न फोडलेली, आणि नेमकी तीच कंपनी, तेच माप दुकानाच्या फळीवर मांडलेले. पावतीत तिची नोंद नव्हती. मागे रांगेत उभे असलेले लोक गप्प झाले. त्या शांततेइतकी जड शांतता मी वर्गातही कधी अनुभवलेली नाही.

मागल्या खोलीत चाळीस मिनिटे गेली. तेथला अधिकारी उद्धट नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. त्याने पाणी दिले, पंखा लावला, आणि गुजरातीत लिहिलेला कागद पुढे सरकवून म्हणाला, ‘काका, आमां सही करी दो, वात पती गई.’ प्रकरण मिटेल, नातेवाइकांत बभ्रा होणार नाही, पोलीस येणार नाहीत, या तीन आश्वासनांपुढे माझी 34 वर्षांची विद्या निरुपयोगी ठरली. मला गुजराती वाचता येते. सही करताना मी तो मजकूर वाचलाही होता. ज्या माणसाला वाचता येत नाही आणि ज्याची संध्याकाळची पाळी चुकणार आहे, तो किती लवकर सही करील, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

सही झाल्यावर पत्नी पहिल्यांदा बोलली. ‘अहो, यांच्या फळीवरची एक बाटली इथं आणायला सांगा की.’ बाटली आली. दोन्ही बाटल्या तिने टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, चष्मा पुसला, आणि बोट ठेवून दाखवले: आमच्या बाटलीवरचा उत्पादनाचा महिना पाच महिने मागचा, किंमत सहा रुपयांनी कमी, बॅचचा क्रमांक निराळा. फळीवरच्या साऱ्या बाटल्या नव्या किमतीच्या होत्या. अधिकाऱ्याने एक बाटली उचलली, मग दुसरी, आणि दार उघडून दिले. कागद मात्र त्याच्या खणातच राहिला.

बाहेर तो दारावरचा पोऱ्या मान खाली घालून उभा होता. आम्हाला पिशवीसह सोडल्याबद्दल त्याची कानउघाडणी झाली होती. ‘मन्हा हातमा काहीच नही, गुरुजी,’ एवढेच तो म्हणाला. रोज रात्री काम सुटल्यावर त्याचाही डबा आणि खिसे तपासले जातात, हे मला त्याच्याकडूनच समजले. हिऱ्याच्या कारखान्यांतून सुटणारे कारागीरही अशाच झडतीला सामोरे जातात. माझ्या अपमानाची धार त्या मुलावर धरण्यात मी अन्याय केला होता.

झडतीचा हा प्रश्न सुरतेला नवा नाही. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सप्टेंबर 1615 मध्ये येथे उतरला, तेव्हा आपली आणि आपल्या माणसांची झडती घेतली जाऊ नये म्हणून त्याने मोगल अंमलदारांशी हुज्जत घातली. हा बंदराचा दस्तूर आहे, असे अंमलदारांचे म्हणणे होते. त्यानंतर पन्नासेक वर्षांनी, 1666 मध्ये, आलेल्या तेव्हनो या फ्रेंच प्रवाशानेही येथील जकातखान्यातील कसून होणाऱ्या तपासणीचे वर्णन लिहून ठेवले आहे. तपासणारा दस्तुराचे नाव घेतो आणि तपासला जाणारा आपल्या पदाचे, ही रीत तेव्हाचीच दिसते. आमच्या पिढीला झडतीचे आणखी एक कारण आठवते. जुलै 2008 मध्ये अहमदाबादेतील स्फोटांपाठोपाठ येथील वराछा भागात न फुटलेले बॉम्ब एकामागून एक सापडू लागले, तेव्हा दारावर पिशवी उघडून दाखवण्यास या शहरात कोणी हरकत घेतली नसती. आत जातानाची तपासणी ही सर्वांच्या जिवासाठी असते, बाहेर येतानाची दुकानदाराच्या मालासाठी. पहिलीला मी आता निमूटपणे मान देतो; दुसरीला मान देतो, पण डोळे उघडे ठेवून.

दुसरीबद्दल जे शिकलो ते असे. दुकानदाराला आपल्या अंगाची वा पिशवीची झडती बळाने घेण्याचा पोलिसी अधिकार नाही. त्याची तपासणी चालते ती आपल्या संमतीवर. तथापि संमती नाकारून वाद वाढवण्यापेक्षा पिशवी आत जातानाच काउंटरवर ठेवावी, पैसे, औषधे आणि कागदपत्रे तेवढी काढून घ्यावीत, टोकन जपावे. ठेवायची नसेल तर आतला माल तिथेच दाखवून पिशवीला चिकटपट्टी लावून घ्यावी. लहान दुकानदाराकडूनही पावती मागावी. तो कंटाळला तरी मागावी. बाहेर पडताना पिशवी आपल्या हाताने उघडावी, दुसऱ्याचा हात आत जाऊ देऊ नये. स्त्रीच्या अंगझडतीचे काम स्त्रीनेच, शालीनता राखून केले पाहिजे, असे कायदा पोलिसांनाही बजावतो. मग दुकानाच्या नोकराची काय कथा? हीच दुकाने आपली पिशवी दाराशी अडवतात आणि गल्ल्यावर स्वतःच्या पिशवीचे पैसे लावतात, याला राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने डिसेंबर 2020 मध्ये अनुचित व्यापारप्रथा ठरवले, हेही पुष्कळांच्या कानी नाही.

आणि संशय आलाच, तर मागल्या खोलीत जाऊ नये. जे बोलायचे ते गल्ल्यासमोर, कॅमेऱ्याच्या टप्प्यात आणि लोकांदेखत बोलावे. चित्रण जपून ठेवा असे तिथल्या तिथे सांगावे. घरी फोन करावा. पोलिसांचे भय दाखवले तर आपणच म्हणावे, बोलवा. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला किंवा घोषित गुन्हेगारालाच खाजगी माणूस धरू शकतो, आणि त्यालाही विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करावे लागते, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 40 सांगते. निष्कारण डांबून ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. सही मात्र करू नये. माफीनामा, कबुली, ‘नुसती औपचारिकता’, कोणत्याही नावाने कागद आला तरी करू नये. ग्राहकाची तक्रार 1915 या राष्ट्रीय मदतक्रमांकावर नोंदवता येते.

आमचा कागद परत मिळवण्यास नऊ दिवस लागले. शेजारच्या वकिलांनी अर्ज लिहून दिला, त्याची पोच घेतली, दोन खेपा घातल्या, आणि मूळ प्रत हाती आल्यावर ती पत्नीच्या हातात दिली. तिने ती फाडली नाही. घडी घालून पोथ्यांच्या कपाटात ठेवली.

नवापूरकडचा तो पोऱ्या अद्याप त्याच दारावर असतो. आता पत्नी न विचारता पिशवी त्याच्या टेबलावर ठेवते आणि एकेक वस्तू बाहेर काढून मांडते. ‘राहू द्या, काकू,’ असे तो दर वेळी म्हणतो. ती थांबत नाही. सर्वांत शेवटी ती रिकामी पिशवी उलटी करते, शिवणीच्या कोपऱ्यांतून बोट फिरवते, आणि मग त्याच्या हाती देते.