घरची बोली आणि ग्रंथाची भाषा

(द्वितीय वर्ष, कला)

भाषा, संस्कृती, शिक्षण आणि साहित्य हे चार शब्द आपल्या अभ्यासक्रमात निरनिराळ्या तासांना भेटतात. भाषा व्याकरणाच्या तासाला, संस्कृती इतिहासाच्या तासाला, साहित्य कवितेच्या तासाला. आणि शिक्षण म्हणजे या साऱ्यांची वर्षअखेर होणारी परीक्षा! परंतु ज्या घरात महाविद्यालयीन शिक्षण प्रथमच येत आहे, त्या घरच्या विद्यार्थ्याला हे चारही एकदम सामोरे येतात. आपण घरी बोलतो ती मराठी आणि येथे लिहावयाची ती मराठी, यांचे नाते काय, हा प्रश्न त्याला पहिल्या दिवसापासून सोबत करतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा माझ्या अल्प मतीप्रमाणे विचार केला आहे.

शब्द म्हणजे केवळ वस्तूला चिकटवलेले नाव नव्हे. गेल्या सुट्टीत मी घरच्या शब्दांची एक वही केली. आजीजवळ वही घेऊन बसले तेव्हा ती म्हणाली, "ह्यात लिहून घ्यायसारखं काय हाय, पोरी?" पण एका ज्वारीच्या शेतातच किती शब्द निघाले! कापलेल्या ताटांची बांधलेली ती पेंढी. पाच पेंढ्यांचा पाचुंदा. कणसांसकट पेंढ्या रचल्या की सुडी, आणि वैरण रचून ठेवली की गंजी. पुस्तकी भाषेत या साऱ्यांना 'ढीग' म्हणून भागते. शेतकऱ्याचे मात्र भागत नाही. सुडीत अजून दाणा आहे, गंजीत तो नाही, हा फरक त्याच्या पोटाशी निगडित आहे.

वहीतला दुसरा शब्द 'इर्जिक'. एखाद्याचे काम अडले की शेजारपाजारचे शेतकरी आपापली औते घेऊन येतात, त्याचे रान करून देतात आणि त्याच्याकडे जेवून जातात. मजुरी कोणी मागत नाही. 'सावड' म्हणजे आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात. शाळेत आम्ही 'सहकार' हा धडा वाचला, त्याचे फायदे पाठ केले. पण आमच्याच गावात या गोष्टीला दोन जुनी नावे आहेत, हे त्या धड्याने सांगितले नाही. शब्द गेला की त्यामागची रीतही विसरते, आणि रीत मोडली की शब्दाला घर उरत नाही. भाषा आणि संस्कृती यांचा संबंध याहून सोपा करून मला सांगता येणार नाही.

आता साहित्याकडे वळू. मराठीतील गद्याचा आरंभीचा महान ग्रंथ म्हणजे म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र'. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील हा ग्रंथ चक्रधरस्वामींच्या आठवणींचा आहे. त्या आठवणी म्हाइंभटांनी ठिकठिकाणी जाऊन, माणसांना विचारून मिळविल्या. म्हणजे आपल्या गद्याचा पायाच ऐकून लिहिण्यावर घातला गेला. याच महानुभाव पंथातील एक प्रसंग 'स्मृतिस्थळा'त येतो. केशिराज हे संस्कृतचे पंडित; ते संस्कृतात रचना करू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना आवरले. कारण काय दिले? त्यामुळे आपल्या पंथातील म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील! ग्रंथ कोणत्या भाषेत लिहावा, हे सातशे वर्षांपूर्वी म्हाताऱ्यांकडे पाहून ठरले. त्याच परंपरेतील महदंबेने 'धवळे' रचले, तेही लग्नात गावयाच्या गीतांच्या घाटात.

पुढे इंग्रजी अमदानीत शाळा आल्या, छापखाने आले आणि मराठीला एक 'प्रमाण' रूप मिळाले. त्याचा उपयोग मोठा झाला, हे नाकारता येत नाही. परंतु शाळा कोणाच्या दारी गेली? १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी हेच विचारले होते. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या श्रमातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. म्हणून प्राथमिक शिक्षण सर्वांना मिळावे, अशी त्यांची मागणी होती. ज्यांच्यापर्यंत शाळा पोचली नाही, त्यांची बोली प्रमाणभाषेच्या घडणीत मागे राहिली. 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' या शब्दांमागे एवढा इतिहास आहे.

विद्वानांपैकी काहींनी ही दरी ओळखली. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहून बलुतेदार, त्यांची कामे आणि त्यांचे हक्क नोंदविले. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये बायकांच्या ओव्या गोळा केल्या. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या संकलनासाठी आयुष्य वेचले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायकांच्या साहाय्याने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. हे काम वेळेवर झाले असेच म्हटले पाहिजे. कारण पिठाची गिरणी आली आणि बाईचे कष्ट हलके झाले, त्याबरोबर पहाटेची ओवीही थांबली. कष्ट गेले ते बरेच झाले. ओवी मात्र लिहून ठेवणाऱ्याची वाट पाहत होती.

आणि बहिणाबाई! १८८० साली जळगावजवळ आसोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्या खानदेशातील आपल्या बोलीत गाणी रचीत. घरातल्यांनी ती उतरवून घेतली. १९५१ साली त्या वारल्यावर त्यांचे पुत्र कवी सोपानदेव यांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखविली, आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. जिला पाटी मिळाली नाही, तिच्या नावाने आज पदव्या दिल्या जातात! परंतु येथे एक गोष्ट विसरू नये. घरात कोणी लिहिणारे नसते, तर ही गाणी बहिणाबाईंबरोबरच गेली असती. अशा किती बहिणाबाई लिहून घेणाऱ्यावाचून गेल्या असतील?

कोणी म्हणेल, मग प्रमाणभाषा नकोच का? तसे मुळीच नाही. अर्ज, निकालपत्र, वर्तमानपत्र, परीक्षा यांना सर्वांची मिळून एक भाषा हवी, आणि ती आमच्यासारख्यांना तर चांगलीच आली पाहिजे. नाहीतर दारे बंद होतात. माझे म्हणणे एवढेच, की ती शिकविताना घरची बोली खोडून टाकू नये. वर्गात 'व्हतं' म्हणणाऱ्या मुलीला सारे हसले, की ती पुन्हा हात वर करीत नाही. तिच्याजवळचे पेंढी-पाचुंदा, इर्जिक, ओव्या हे सारे तिच्याबरोबर मुके होते. नुकसान एकट्या तिचे होत नाही, अभ्यासाचेही होते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. आपणा सर्वांना त्याचा अभिमान आहे. जुने ग्रंथ हा त्या दर्जाचा मोठा आधार. पण ते ग्रंथ ज्यांच्यासाठी लिहिले गेले, त्या म्हाताऱ्या आजही आपल्या ओसरीवर बसलेल्या आहेत. म्हणून विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, एक सुचवावेसे वाटते. आपल्यापैकी प्रत्येकाने येत्या सुट्टीत घरच्या बोलीतले पंचवीस शब्द अर्थासह लिहून आणावेत. कोणी सांगितले, कोणत्या गावी, कोणत्या कामात, हेही नोंदवावे. सुताराच्या घरचे, कोळ्याच्या घरचे, मेंढपाळाच्या घरचे शब्द वेगळे निघतील. ते सारे एकत्र बांधून आपल्या ग्रंथालयात ठेवता येतील. त्याला खर्च एका वहीचा येईल. आपल्या आजी-आजोबांना कॉलेजात येता आले नाही. त्यांचे शब्द तरी येथे नीट मांडून ठेवणे आपल्या हाती आहे.