गावाचा पट गावासाठी : बैठ्या खेळांची मोजक्या प्रतींतील निर्मिती

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. उमरगा आणि लगतच्या लोहारा भागातही मोठी हानी झाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद हे या हानीचे एक प्रमुख कारण होते. आज शाळेत शिकणाऱ्या मुलांनी ती पहाट पाहिलेली नाही. धोक्याची ही समज पुढील पिढीकडे कशी पोहोचवावी, हा शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यापुढील प्रश्न आहे. याचे एक साधे व अल्पखर्ची साधन म्हणजे स्थानिक पातळीवर तयार केलेला, पटावरील बैठा खेळ.

जुनी परंपरा

खेळातून शिकविण्याची रीत महाराष्ट्रास नवी नाही. ज्ञानदेवांच्या नावाशी परंपरेने जोडला गेलेला मोक्षपट हाताने रेखाटला जात असे. त्याच्या शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे होते. सावंतवाडीचा गंजिफा हा पटाचा नव्हे, पानांचा खेळ. परंतु मोजक्या प्रतींच्या निर्मितीचा तो उत्तम दाखला ठरतो. दशावतारी गंजिफ्याची दहा रंगांची, प्रत्येकी बारा याप्रमाणे १२० गोल पाने चितारी कारागीर हाताने रंगवीत. ही कला लोप पावण्याच्या बेतात असताना, १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागिरांना काम देऊन तिचे पुनरुज्जीवन केले. खप थोडा असला तरी ज्ञान टिकते, हा त्यातील बोध होय.

मोठा कारखाना का नको

आपत्तीविषयक खेळ जगात नाहीत असे नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी तयार केलेला ‘रिस्कलँड’ हा खेळ अनेक भाषांत गेला आहे. तथापि, त्यात माळवद नाही. उमरग्याच्या घरांचा खेळ फार तर काही शेकडा शाळांना व वाचनालयांना हवा असणार. मोठा उत्पादक तो काढणार नाही.

येथे हिशेब समजून घेणे आवश्यक आहे. समजा, चित्रे व छपाईची पूर्वतयारी यांचा एकवेळचा खर्च ६,००० रुपये आणि प्रत्येक प्रतीचा कागद, पुठ्ठा व छपाई यांचा खर्च १२० रुपये आहे. १०० प्रतींस एकूण १८,००० रुपये, म्हणजे प्रतीस १८० रुपये पडतील. १,००० प्रती काढल्यास प्रतीचा खर्च १२६ रुपयांवर येईल. परंतु एकूण १,२६,००० रुपये गुंततील. त्यांपैकी २०० प्रतीच खपल्या, तर खपलेल्या प्रत्येक प्रतीवर ६३० रुपयांचा भार पडेल. स्वस्ताईचा मोह असा महागात पडतो. मागणी निश्चित होईपर्यंत १०० प्रतींचीच आवृत्ती काढणे शहाणपणाचे ठरते. शिवाय, पहिल्या आवृत्तीतील चुका दुसरीत सुधारता येतात.

खेळाची रचना

पटावरील प्रत्येक साप व शिडी कारणासह असावी. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकणे हा साप. कारण छताचे वजन वाढत जाते. भिंतीच्या दोन्ही थरांना जोडणारे लांब दगड बसविणे आणि दारे-खिडक्यांच्या वर घराभोवती काँक्रीटचा सलग पट्टा देणे या शिड्या.

मात्र सर्व काही फाशावर सोडू नये. तसे केल्यास आपत्ती म्हणजे केवळ नशीब, हीच चुकीची शिकवण मुलांच्या मनात बसेल. यास्तव प्रत्येक खेळाडूस आरंभी दहा चिंचोके द्यावेत. ते घर सजविण्यावर खर्चावेत की बळकट करण्यावर, हे त्याने ठरवावे. भूकंपाच्या घरात सोंगटी पोहोचली की ज्याने पट्टा घेतला असेल त्याचे घर तरेल.

पहिला पट साध्या पुठ्ठ्यावर हाताने काढावा. मुलांच्या हाती केवळ नियमांचा कागद द्यावा आणि रचनाकाराने मौन पाळून पाहत राहावे. मुले जेथे अडतात तेथे नियमांची भाषा सदोष आहे, असे समजावे. निरनिराळ्या गटांत अशी चाचणी झाल्याशिवाय छपाईस जाऊ नये.

कायदा व सुरक्षितता

खेळाची कल्पना वा पद्धती यांवर स्वामित्वहक्क लागत नाही. परंतु दुसऱ्याची चित्रे व नियमांचा मजकूर विनापरवानगी वापरता येत नाही. खेळण्यांसंबंधीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश, २०२०, हा १ जानेवारी २०२१ पासून अंमलात आला. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांस भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आवश्यक आहे. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी झालेल्या कारागिरांच्या वस्तूंना यातून सूट आहे. विक्रीचा विचार असल्यास ब्यूरोच्या कार्यालयाकडून आधीच खात्री करून घ्यावी. चिंचोके, कवड्या यांसारख्या लहान वस्तू तान्ह्या मुलांपासून दूर ठेवाव्यात.

एक शिक्षक, एक चित्र काढणारा आणि घरबांधणी जाणणारा एक गवंडी किंवा अभियंता एवढ्यांच्या सहकार्याने हे काम होऊ शकते. मुले पट घरी नेतील, घरातील वडीलधारे सोबत खेळतील आणि माळवदावर पुन्हा माती टाकावी की नाही याची चर्चा ओसरीवर सुरू होईल. शंभर प्रतींचे खरे मोल त्या चर्चेत आहे.